पॅडलीचं जंगल, बर्बेजचा मूर: एका दिवसात सावकाश पक्षी कसे बघायचे

शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारी थांबत थांबत जाणारी गाडी टॉटलीच्या बोगद्यात शिरते. सुमारे ५.७ किलोमीटर नुसता अंधार. बाहेर येते ती थेट ग्रिंडलफर्डच्या फलाटावर. दार उघडलं की डिझेलच्या वासामागून ओल्या पानांचा वास येतो, आणि गाडी निघून गेली की ओढ्याचा आवाज.

हे पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. इथे एकाच दिवसात, गाडी न घेता, दोन अगदी वेगळ्या जगांतले पक्षी बघता येतात: खाली घळीतलं जुनं ओकचं जंगल आणि वर उघडा मूर. मूर म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगताना मी कोकणातल्या सड्याची आठवण देते. तसाच झाडं नसलेला, वाऱ्याचा, लांबवर दिसणारा माळ. फरक पायाखाली. सड्यावर जांभा, इथे काळं, स्पंजासारखं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, आणि त्यावर गुडघ्यापर्यंत हेदरची झुडपं.

इंग्लंडात राहणारी आपली मंडळी, आणि मे-जूनमध्ये मुलांकडे येणारे आई-बाबा, दोघांसाठी हे लिहिते आहे. पक्ष्यांची नावं येत नसली तरी चालेल. सगळ्या लेखात माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: चालणं कमी करा, थांबणं वाढवा. हा रस्ता लोक साडेतीन-चार तासांत पार करतात. तुम्ही त्याला आठ-नऊ तास द्या.

दिवस कोणता निवडायचा

एप्रिलचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा. त्यातही माझी पसंती मेच्या पहिल्या पंधरवड्याला. आफ्रिकेतून येणारे पाहुणे तोवर पोचलेले असतात, नर जोरात गात असतात आणि ओकची पानं अजून कोवळी, लहान असतात, त्यामुळे फांद्यांमधला पक्षी दिसतो. जूनमध्ये गच्च हिरवं झालं की नुसते आवाज ऐकत मान दुखते. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं, मूर जांभळा होतो, बघण्यासारखं असतं, पण तेव्हा पक्षी गप्प असतात.

मेच्या मध्यावर इथे सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री नऊच्या सुमारास मावळतो. पहाटेची वेळ उत्तम हे खरं, पण सात-साडेसातला जंगलात पाऊल पडलं तरी पुष्कळ. रविवारी गाड्या उशिरा सुरू होतात, तेव्हा शनिवार किंवा मधला वार बघा. मोटारीने येणाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी दहानंतर जागा मिळणं कठीण जातं.

हवामानात पावसापेक्षा वारा बघा. रिमझिम पावसात जंगल छान बोलतं. जोराच्या वाऱ्यात मात्र मूरवरचे लहान पक्षी हेदरमध्ये दडून बसतात आणि आपल्याला काही ऐकूही येत नाही.

पिशवीत काय हवं

थरांचे कपडे, पावसाचं जाकीट, पाणी न शिरणारे बूट. मे महिना आहे म्हणून फसू नका, वरच्या कड्यावर टोपी आणि हातमोजे लागतात. लांब पँट घालून तिची टोकं मोज्यांत खोचा, कारण इथल्या नेच्यांत आणि गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. बारीक चिमटा जवळ ठेवा. गोचीड चिकटला तर अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. चिरडायचा नाही, पिळायचा नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जायचं.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या, कारण घळीत फोनला रेंज धड मिळत नाही. लहान वही, पेन्सिल. खायला दशम्या, थालीपीठ, असं थंडही चांगलं लागणारं काही. थर्मासमध्ये चहा.

आणि दुर्बीण. ८×४२ ची घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची दुर्बीण हातात हलते, तिच्यातून दिसणारा तुकडाही लहान असतो, आणि पानांमधला चिमुकला पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो.

दुर्बीण नीट लावून न घेता जंगलात जाणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. फलाटावरच पाच मिनिटं काढा. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी खाली बसवा, नसेल तर वर ओढा. दोन्ही नळ्या मिटत-उघडत एकच गोल दिसेपर्यंत जुळवा. मग स्टेशनच्या पाटीवरची अक्षरं धरा. उजवा डोळा झाकून मधलं चाक फिरवा आणि डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. आता डावा झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. ती कडी पुन्हा हलवायची नाही, दिवसभर फक्त मधलं चाक.

एक सवय इथेच घटवून घ्या. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. नवखा माणूस आधी खाली दुर्बिणीकडे बघतो आणि मग फांदी शोधत बसतो.

सकाळ: घळीत

स्टेशनमागचा पूल ओलांडून जुन्या गिरणीवरून गेलं की बर्बेज ब्रुक या ओढ्याच्या काठाने पॅडली गॉर्जची वाट वर चढते. मोठमोठे शेवाळलेले धोंडे, वाकडेतिकडे ओक. वरच्या फाटकापर्यंत अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण त्याला अडीच तास ठेवा.

पहिली अडचण ओढ्याची. पाण्याचा खळखळाट इतका असतो की बारीक आवाज बुडतात, फोनमधलं आवाज ओळखणारं मर्लिन ॲपही गोंधळतं. म्हणून ओढ्यापासून तीस-चाळीस पावलं वर, उताराच्या बाजूला सरकलेल्या पायवाटेवर उभं राहा. जरा उघडी जागा, समोर दोन-तीन वठलेली खोडं किंवा पक्ष्यांच्या घरट्यांसाठी झाडांना लावलेल्या लाकडी पेट्या, अशी जागा निवडा. पाठ झाडाला टेकवा. दहा मिनिटं हलू नका. पहिली तीन-चार मिनिटं काही होत नाही. मग जंगल तुम्हाला विसरतं आणि आपल्या कामाला लागतं.

हे मला आईने शिकवलं, तिच्याही नकळत. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याहून आली होती. गुडघ्यांमुळे अर्ध्या चढावर म्हणाली, "तू ये जाऊन, मी बसते." या उतारावर जुन्या खाणींची अर्धवट सोडलेली दगडी चाकं पडलेली आहेत, जात्याच्या पाळूसारखी गोल, पण चार माणसांना हलणार नाहीत इतकी जड. त्यातल्या एकावर शाल टाकून ती बसली. मी तासभर वरखाली करून रॉबिन आणि ब्लॅकबर्ड एवढेच पक्षी बघून परत आले. आईने बोट ओठांवर ठेवलं. "अगं, हळू ये. दयाळाचं पिल्लू आहे बघ, मघापासून त्या भोकात जातंय."

समोरच्या पेटीच्या कडेला पाइड फ्लायकॅचरचा नर बसला होता, मी ज्याच्यासाठी वणवण करत होते तोच. वरून काळाभोर, खालून पांढरा, पंखावर पांढरा पट्टा आणि चोचीच्या वर, कपाळावर, टिकली लावावी तसा पांढरा ठिपका. तो फांदीवरून सुटायचा, हवेत एक गिरकी घेऊन माशी पकडायचा आणि दुसऱ्याच फांदीवर जाऊन बसायचा. बसला की एक पंख किंचित उचलून झटकायचा. आईचं दयाळ म्हणणंही फार चुकलं नव्हतं, दोघं एकाच कुळातले. हा पक्षी पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून इथे येतो, या पेट्यांत किंवा झाडांच्या ढोलीत घर करतो आणि जुलै-ऑगस्टपर्यंत जंगलातून नाहीसा होतो.

त्या दिवसापासून मी आधी जागा ठरवते, मग पक्षी.

फ्लायकॅचरबरोबर याच उतारावर दोन पाहुणे शोधायचे. एक कॉमन रेडस्टार्ट. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा थिरथिरा ज्यांनी बघितला आहे, त्यांना ओळख पटायला क्षणही लागणार नाही: तीच विटकरी शेपटी, तीच सतत थरथर. या नराचा गळा काळा, कपाळ पांढरं, छाती नारिंगी. तो जंगलाच्या वरच्या कडेला, जिथे झाडं विरळ होतात, तिथे जास्त असतो.

दुसरा वुड वॉर्बलर, हिरवट पिवळा, चिमणीहून लहान. हा डोळ्यांआधी कानांनी सापडतो. स्टीलचं झाकण फरशीवर पडलं की आधी सुटंसुटं वाजतं आणि मग भरभर थरथरत जमिनीला टेकतं, अगदी तसं त्याचं गाणं. मधूनच चाल बदलून तो उदास "प्यू, प्यू, प्यू" म्हणतो. दोन्ही आवाज एकाच पक्ष्याचे आहेत हे लक्षात ठेवा, मी कितीतरी दिवस दोन पक्षी शोधत होते. तो ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे आणि दरवर्षी भेटेल असं नाही. भेटला तर त्याच्यासाठी अर्धा तास द्या.

सुरुवातीला फक्त चार आवाज घटवा. चिफचॅफ आपलंच नाव घेतो, "चिफ-चॅफ, चिफ-चिफ-चॅफ", ताल न धरता. विलो वॉर्बलर दिसायला जवळपास तसाच, पण त्याचं गाणं वरून खाली जिना उतरल्यासारखं ओघळतं. ग्रेट टिट, म्हणजे आपल्या रामगंगेचा भाऊबंद, "टी-चर, टी-चर" करत बसतो. आणि रेन, अंगठ्याएवढा तपकिरी गोळा, तो एवढ्या मोठ्याने ओरडतो की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. हे चार ओळखले की उरलेला आवाज म्हणजे काहीतरी वेगळं आहे हे आपोआप कळतं.

ओढ्यावर थोडा वेळ

वर चढताना ओढ्यावर लाकडी पूल लागतात. प्रत्येक पुलावर पाच मिनिटं थांबून वरच्या आणि खालच्या धोंड्यांकडे बघा. धोंड्यांवर पांढरी शिट दिसली की तिथे डिपर येतो. गुबगुबीत, चॉकलेटी काळा, छातीवर पांढराशुभ्र रुमाल बांधल्यासारखा. उठाबशा काढत राहतो आणि मग सरळ पाण्यात चालत शिरतो. तळाच्या दगडांखालच्या अळ्या खातो आणि जरा पुढे कोरड्यासारखा बाहेर येतो. त्याची पापणी मिटली की पांढरी चमकते, तेवढं दिसेपर्यंत बघत राहा.

शेजारच्या दगडावर शेपटी वरखाली करणारा लांब पक्षी म्हणजे करडा धोबी. याच जातीचे पक्षी थंडीत सह्याद्रीच्या ओढ्यांवर दिसतात. नाव करडा असलं तरी पोटाचा पिवळा रंग आधी नजरेत भरतो.

दुपार: मूरवर

घळ संपते, झाडं मागे पडतात, मोकळं गवत लागतं. इथे शनिवार-रविवारी पोरंबाळं पाण्यात खेळायला येतात, तेव्हा थांबू नका. रस्ता ओलांडला की टोड्स माउथ हा बेडकाच्या तोंडासारखा खडक आणि त्यापलीकडे बर्बेजची दरी. उजवीकडून जुना गाडीरस्ता दरीच्या कडेने तीनेक किलोमीटर वर जातो. डावीकडे कार्ल वार्कचा प्राचीन तटबंदीचा खडक आणि त्याच्या मागे ४३४ मीटर उंचीचा हिगर टॉर. जायचं गाडीरस्त्याने, यायचं या दोन खडकांवरून. स्टेशनपासून स्टेशनपर्यंत सगळं मिळून ११-१२ किलोमीटर होतं.

आता बघण्याची पद्धत बदला. जंगलात आपण एका जागी उभं राहून जवळचं बघत होतो. मूरवर वर आलेल्या वस्तू बघायच्या: कुंपणाचा खांब, एकटा धोंडा, हेदरचं उंच टोक, तार. नजर डावीकडून उजवीकडे, सावकाश, अशा प्रत्येक टोकावर टेकवत न्यायची.

खांबावरचा काळ्या डोक्याचा, नारिंगी छातीचा, दोन गारगोट्या आपटल्यासारखा "टक् टक्" बोलणारा तो स्टोनचॅट, आपल्या गप्पीदासाचा इकडचा नातेवाईक. हवेत चढून कागदाच्या विमानासारखा पंख ताणून उतरणारा तपकिरी पक्षी म्हणजे मेडो पिपिट, आपल्याकडच्या तीरचिमण्यांपैकी. चढतच राहतो, दिसेनासा होतो आणि गाणं थांबतच नाही, तो चंडोल. पायाखालून एकदम फडफडाट करत उडून "गो-बॅक, गो-बॅक" ओरडत जाणारी तांबूस कोंबडी म्हणजे रेड ग्राउस. पहिल्यांदा सगळेच दचकतात. हवेत एका जागी पंख मारत लटकलेली खरुची (लहान ससाणा) तर ओळखीचीच.

कुक्कू इथे मे महिन्यात ऐकू येतो. आपला पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकतो, हा मूरवर मुख्यतः मेडो पिपिटच्या घरट्यात. आवाज आला की झाडाचं किंवा तारेचं अगदी टोक बघा. उडताना तो ससाण्यासारखा वाटतो, पण पंख खालीच खाली मारतो, खांद्यांच्या वर फारसे नेत नाही. उपग्रह-खुणा लावलेले इथले कुक्कू हिवाळ्यात काँगोच्या खोऱ्यापर्यंत गेलेले दिसले आहेत. प्रौढ पक्षी जूनमध्येच परतीला लागतात, म्हणजे इथे त्यांचा मुक्काम जेमतेम दोन महिने.

कड्यांच्या पायथ्याशी रिंग ऊझल शोधायचा. ब्लॅकबर्डएवढा, काळा, आणि छातीवर पांढरी चंद्रकोर. याच्यासाठी जेवण वापरा. कड्यापासून दीडशे-दोनशे मीटर दूर, वाऱ्याकडे पाठ करून, हेदरमध्ये नव्हे तर दगडावर किंवा वाटेवर बसा, डबा उघडा आणि कड्याखालच्या मऊ गवताकडे नजर ठेवा, तिथे तो गांडुळं शोधायला उतरतो. तीन-चार शीळवजा सूर, मग थांबा, पुन्हा तेच सूर. असा आवाज आला तर खडकाच्या माथ्यावर बघा. शेजारच्या स्टॅनेज कड्यावर त्यांची घरटी असतात तेव्हा गिर्यारोहक आपण होऊन काही वाटा सोडून देतात.

आणि कर्ल्यू. मुंबई-कोकणच्या खाड्यांत हिवाळ्यात जो लांब बाकदार चोचीचा पक्षी चिखलात चालताना दिसतो, तीच जात. खाडीत त्याची लांबट हाक आपण ऐकलेली असते. वसंतातलं गाणं मात्र घराच्या जागीच मिळतं. तो थरथरत वर चढतो, पंख ताणून तरंगत खाली येतो, आणि लांब लांब सुरांनी सुरू झालेलं गाणं उकळी फुटावी तसं बुडबुडत जातं. ब्रिटनमध्ये वीण करणारे कर्ल्यू १९९०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास निम्म्यावर आले आहेत. दिसला तर वाट सोडून जवळ जाऊ नका. घरटं जमिनीवर असतं.

पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून

इथे सगळ्या रानपक्ष्यांना, त्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना १९८१ च्या कायद्याने संरक्षण आहे. पण कायद्याआधी पक्षी स्वतः सांगतो. पिल्लांजवळ गेलं की टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडते, ते आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. कर्ल्यू, ऊझल, स्टोनचॅट तेच करतात. चोचीत अळी धरून एखादा पक्षी एकाच जागी ओरडत बसला असेल तर तुम्ही त्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये उभे आहात. आल्या वाटेने मागे फिरा.

फोनवर पक्ष्याचं गाणं वाजवून त्याला बोलावू नका. समोर दुसरा नर आला असं समजून तो खाणं आणि पिल्लं सोडून भांडायला येतो. १ मार्च ते ३१ जुलै खुल्या मूरवर कुत्रा २ मीटरच्या दोरीवर ठेवणं बंधनकारक आहे. शेकोटी, बार्बेक्यू काही पेटवू नका. वाळलेलं पीट जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसतं, २०१८ साली सॅडलवर्थ मूरच्या आगीत ते सगळ्यांनी बघितलं.

उन्हाच्या दिवशी दगडावर बसण्याआधी एकदा नजर टाका. पाठीवर नागमोडी पट्टा असलेला ॲडर, आपल्या फुरशाच्या कुळातला, ऊन खात पडलेला असू शकतो. तो आपण होऊन अंगावर येत नाही, त्याला जाऊ द्या.

परतीची वाट

हिगर टॉर, कार्ल वार्क उतरून लाँगशॉकडे या. तिथे कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मूर सोडून घळ आणि लाँगशॉची सपाट कुरणं एवढंच केलं तरी दिवस पुरतो. आईने दुसऱ्या वेळी तसंच केलं.

शेवटच्या गाड्यांची वेळ सकाळीच टिपून ठेवली असेल आणि अंगात बळ असेल, तर सूर्यास्तापर्यंत जंगलाच्या वरच्या कडेला थांबा. अंधार पडता पडता झाडांच्या शेंड्यांवरून लांब चोचीचा जाडसर वुडकॉक ठरलेल्या वाटेने फेऱ्या मारतो. बेडकासारखं दोन-तीनदा "क्वर्र" आणि लगेच एक बारीक "स्विक्". मान वर करेपर्यंत तो पुढे गेलेला असतो, पण दहा-पंधरा मिनिटांत त्याच वाटेने परत येतो, तेव्हा जागा सोडू नका. उतरायला टॉर्च हवा.

फलाटावर आलात की वही काढा. नाव कळलं नाही त्या पक्ष्याचं आकारमान, चोच, शेपटीची हालचाल, कुठे बसला होता आणि काय करत होता, हे लिहा, रंग शेवटी. गाडी बोगद्यात शिरली की काही मिनिटं फोन बंदच असतो, तेवढ्यात एक पान होतं. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर आईच्या अक्षरात पहिली ओळ आहे: "दयाळाचा विलायती भाऊ, पेटी क्रमांक दिसला नाही, अकरा वेळा आत गेला."